खाडा लिहिता, मग हजेरी का नाही?

तेरा एप्रिलच्या रात्री मुंबईहून गाडीत बसलो आणि जयंतीच्या सकाळी परतूर स्टेशनला उतरून आष्टीला आलो. गोदीतून चार दिवस सुटलो होतो. सुटलो म्हणजे रजा मिळाली असं कुणी समजू नका. ठेकेदाराच्या माणसाला सांगितलं, चार दिवस येत नाही. तो म्हणाला, नको येऊ, तुझ्या जागी दुसरा उभा आहे. आमच्याकडं ह्यालाच रजा म्हणतात. चार दिवसांची मजुरी गेली. पाचव्या दिवशी गेटवर आपली जागा राहील का नाही, ही धाकधूक वर.

घरी माय-बाप ऊसतोडीवरून नुकतेच परतले होते. बापानं मुकादमाची हिशोबाची चिठ्ठी पुढं टाकली. घरात मॅट्रिक झालेला मी एकटा, म्हणून मी मोठ्यानं वाचली. उचल इतकी. टन इतके. टनांचे पैसे इतके. आणि सगळ्यात खाली एक ओळ: खाडे ४, रुपये २०००.

हे चार खाडे कशाचे? माय फडात तापानं पडली होती. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. दोघांतलं एक पडलं की कोयता बंद आणि खाडा सुरू. दिवसाला पाचशे दंड. त्या चार दिवसांची मजुरी तर बुडालीच, वर आजारी पडल्याबद्दल दोन हजार भरायचे. उचल फिटली नाही. उरलेली पुढच्या हंगामाच्या बोकांडी.

मी मायला म्हणालो, "माय, गोदीत पूर्वी बोर्डाच्या कामगाराला रजा असायची. रजेचा पगारपण मिळायचा."

माय म्हणाली, "काम न करता पैसे? खोटं नको बोलू बाबा. खाडा ठाव हाय मला. रजा कुणाला असती?"

माझा हा लेख मायच्या ह्या प्रश्नावर आहे.

शहरातल्या ऑफिसांत हा प्रश्न वेगळ्या तोंडानं विचारला जातो. नोकरी सोडली, खात्यावर वीस-तीस दिवसांची रजा शिल्लक आहे, तिचे पैसे मालकानं द्यायलाच पाहिजेत का? मालक लोक अशा आवाजात बोलतात की जणू खिशातून धर्मादाय करायचा आहे. म्हणून आधी हिशोब नीट मांडू.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं सांगितलं: वर्षात २४० दिवस काम भरलं की पुढं वीस दिवसांमागं एक दिवस भरपगारी रजा. २४० दिवसांना १२ रजा. न वापरलेल्या रजा ३० दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात नेता येतात. कामगाराला काढलं, त्यानं काम सोडलं, तो निवृत्त झाला किंवा मेला, तरी शिल्लक रजेचा पगार द्यायचा. मेल्यावर तो वारसाला द्यायचा. आणि कामगारानं वेळेत मागूनही मालकानं रजा नाकारली असेल, तर त्या रजेला तीस दिवसांची मर्यादासुद्धा नाही.

ह्याचा अर्थ साधा आहे. विसावी पाळी भरून तुम्ही घरी जाता तेव्हा तुमच्या एका दिवसाचे पैसे मालकाकडं जमा होतात. रजा घेतली तर ते पैसे तुमच्याकडं येतात. घेतली नाही तर मालकाकडं पडून राहतात. पडून राहिले म्हणून ते त्याचे होत नाहीत. सावकाराकडं ठेवलेलं डोरलं सावकाराचं होतं काय? तो तसं म्हणतो, हा भाग वेगळा.

मुंबई हायकोर्टानं २०२४ साली हेच सांगितलं. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेतून राजीनामा देऊन गेलेल्या कर्मचाऱ्यांना शिल्लक रजेचे पैसे नाकारले होते. कोर्टानं म्हटलं की रजेचा पैसा पगारासारखाच आहे, पगार ही मालमत्ता आहे, आणि कायद्याचा आधार नसताना माणसाची मालमत्ता काढून घेणं घटनेला धरून नाही. बाबासाहेबांच्या घटनेतला मालमत्तेचा हक्क बंगलेवाल्यांच्या कामाला नेहमीच आला. ह्या वेळी तो एका रजेच्या हिशोबाला लागू झाला, हे बरं झालं.

तर प्रश्नाचं उत्तर: होय, दिलेच पाहिजेत. पण एवढ्यावर थांबलो तर हा लेख बँकेतल्या लोकांनी वाचावा, आम्ही कशाला?

हे मिळालं कसं, ते आधी ऐका. मालकानं आपण होऊन कुणालाही सुट्टी दिलेली नाही. रविवारची सुट्टीसुद्धा सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांची सभा, अर्ज आणि चळवळ उभी करून मिळवली. १८८४ साली मागणी, १८९० साली सुट्टी. त्याच्या पुढची पायरी, म्हणजे घरी बसून पगार मिळण्याची, बाबासाहेबांच्या काळात आली. व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री होते. १९४५ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यातल्या मोठ्या कामगाराला वर्षाला १० दिवसांची भरपगारी रजा कायद्यानं मिळाली. हंगामी कारखाने त्यातून सुटले. आज जो कारकून 'माझी पीएल शिल्लक आहे' असं म्हणतो, त्याच्या पीएलच्या मुळाशी हा कायदा आहे. हे त्याला माहीत नसतं. कुणी सांगितलं तर ऐकवत नाही.

पण तो कायदा आष्टीला आला नाही. तेव्हा आष्टी निजामाच्या राज्यात होती. माझा पणजा गावची येसकरकी करायचा. त्याच्या पाळीला रात्र नव्हती, दिवस नव्हता. सांगावा आला की निघायचं. तो तापानं पडला तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. गाव त्याच्या कामाचा हिशोब ठेवत नव्हतं. चुकला की मात्र बरोबर हिशोब व्हायचा. निजाम गेला, येसकरकी गेली, पण बिनहजेरीचं काम आणि खाड्याचा दंड माझ्या मायपर्यंत पोचला आहे. फक्त चावडीच्या जागी मुकादमाची डायरी आली.

मुंबईहून येताना गाडी मनमाडला थांबते. तिथं फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपले लोक पहिला शत्रू पाठ करतात, लाल झेंडेवाले दुसरा. खाड्याच्या चिठ्ठीत मात्र हे दोघं एकाच पेनानं लिहितात. हे काम कुणाच्या वाट्याला आलं, त्याला जमीन का नाही, त्याचं नाव पुस्तकात का नाही, हे जात ठरवते. आणि त्याच्यातून पैसा किती काढायचा, ते भांडवल ठरवतं.

आता चोरी कशी होते ती माझ्यावरून सांगतो. मी गोदीत ठेकेदाराकडं स्टीलच्या कॉइलवर काम करतो. पी. डिमेलोंच्या नावाच्या रस्त्यानं रोज जातो. त्यांच्या पिढीनं लढून टोळीवाल्याचा जाच मोडला. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, त्यातून डॉक लेबर बोर्ड आलं. नोंदलेल्या कामगाराला काम नसलेल्या दिवशीसुद्धा हजेरीचे पैसे होते. नंतर ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये मिसळलं, कायम कामगार निवृत्त होत गेले, आणि त्यांच्या जागेवर आम्ही आलो. टोळीवाला परत आला, आता त्याला एजन्सी म्हणतात.

पहिल्या वर्षी मी २६० पाळ्या भरल्या, दुसऱ्या वर्षी २८०. वीसाला एक धरलं तर १३ आणि १४, मिळून २७ दिवस. सातशे रुपये रोजानं १८,९०० रुपये. हे पैसे मागायला गेलो. त्यानं संगणकावर बघितलं आणि म्हणाला, तू आमच्याकडं सात महिन्यांचा आहेस. कसं? तर मध्ये दोनदा एजन्सीचं नाव बदललं. शिक्का बदलला, पावतीचा रंग बदलला. मुकादम तोच, गेट तेच, कॉइल तीच, माझा खांदा तोच. पण कागदावर मी तीन वेळा नवा. २४० चा आकडा लिहिणाऱ्यानं कामगाराचं भलं म्हणून लिहिला होता. ठेकेदारानं तो कुंपणासारखा वापरला. आम्हाला आकड्याच्या अलीकडं ठेवण्यातच त्याची कमाई.

केंद्र सरकारनं २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याचं जाहीर केलं. त्यांतल्या सुरक्षेच्या संहितेत २४० चे १८० दिवस झाले. तीस दिवसांच्या वरची रजा पैशात घेता येईल, आणि वर्षाच्या शेवटी कामगार रजेचे पैसे मागू शकेल, असंही लिहिलं आहे. ही कलमं कारखान्याच्या भिंतीबाहेरही, दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना आहेत. ह्याच संहितांच्या जोडीनं ३०० कामगारांपर्यंतच्या कारखान्याला सरकारची परवानगी न घेता कामगार कमी करायची मुभा दिली, हेही विसरू नका. एका हातानं रजा, दुसऱ्या हातानं नोकरी. तरी जे कलम आपल्या बाजूचं आहे ते धरून बसायचं. आणि धरायला गेलं की कळतं, १८० असो की २४०, मोजणार कोण? पुस्तक ज्याच्या हातात आहे तो.

इथं तीन पळवाटा नेहमी पुढं येतात. त्यांची उत्तरं तोंडपाठ ठेवा.

पहिली: ऊसतोडवाल्याला मजुरी टनावर असते, दिवसावर नाही, मग रजा कशी मोजणार? २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ चे ३६६ झाले. चांगलं झालं. पण त्या वाटाघाटीनंतरही खाडा राहिला. आता मला सांगा, मजुरी देताना टन मोजता आणि दंड लावताना दिवस कसा मोजता? माझी माय कोणत्या चार दिवशी आली नाही हे ज्याच्या डायरीत आहे, त्याच्या डायरीत ती उरलेले १६० दिवस आली हेही आहे. खाडा लिहिणारा हजेरी लिहीतच असतो, फक्त ती दाखवत नाही. वीसाला एक ह्या हिशोबानं आठ दिवस मायचे, आठ दिवस बापाचे. सोळा दिवस देणं लागतं, आणि चिठ्ठीत चार दिवसांचं घेणं! आणि १६० म्हणजे १८० च्या आत, म्हणून नव्या संहितेतूनही बाहेर. हंगामच पाच-सहा महिन्यांचा असतो हे संहिता लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हतं काय?

दुसरी: ह्यांचा मालकच ठरलेला नाही. कारखाना म्हणतो मुकादमाचा माणूस, मुकादम म्हणतो मी तर ठेकेदार. हे खोटं आहे हे महाराष्ट्रानंच १९६९ साली सिद्ध केलं. माथाडी कायदा झाला. हमाल सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या पेढीवर. मालक दहा. तरी बोर्ड उभं राहिलं. पेढीवाल्यानं मजुरी बोर्डात भरायची आणि तिच्यावर लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून फंड, बोनस, ग्रॅच्युइटी आणि भरपगारी रजा. ओझं वाहणाऱ्याचा मालक ठरलेला नसला तरी त्याची रजा ठरवता येते. गाळप होणाऱ्या प्रत्येक टनाचा हिशोब कारखान्यात असतो. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाचं महामंडळ सरकारनं काढलं, कारखान्यांकडून टनामागं पैसे घ्यायचंही ठरवलं. मग त्या पैशातून रजेचं खातं का उघडत नाही? आणि ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं भरायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून लिहिलेलं आहे. मूळ मालक शोधायला दुर्बीण लागत नाही. कारखान्याचं धुराडं आष्टीतल्या पोरालाही दिसतं.

तिसरी पळवाट जरा शहाणी आहे. म्हणतात, रजेचे पैसे दिले की कामगार रजाच घेत नाही, सगळी विकून टाकतो, म्हणून पैसे देऊ नयेत. ह्यात अर्धं खरं आहे. १९७० सालच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ठरावात वर्षाला किमान तीन आठवडे रजा सांगितली आहे, आणि ही किमान रजा पैशाच्या बदल्यात सोडून द्यायचा करार बेकायदा ठरवला आहे. बरोबरच आहे. विश्रांती ही विश्रांतीच. नोटांची गादी करून पाठ बरी होत नाही.

पण हे आम्हाला शिकवणाऱ्यांनी आधी बीडच्या बायांकडं बघावं. २०१९ साली सरकारनं नेमलेल्या समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. कारणं बरीच होती. डॉक्टरांचा धंदा होता, घातलेली भीती होती. पण एक कारण बायांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं: पाळीच्या दिवसांचा खाडा परवडत नाही. दोस्तहो, एक दिवस आडवं पडायला मिळावं म्हणून जगात कामगार लढले. इथं आडवं पडावं लागू नये म्हणून बाईनं पोटातला अवयव काढून टाकला. हिला कोण सांगणार की बाई, रजा विकू नकोस? विकायला तिच्याकडं रजा होती कुठं?

म्हणून माझं म्हणणं असं. पहिला हक्क विश्रांतीचा. मागितलेली रजा मिळाली पाहिजे. नाकारली, किंवा काम संपलं, तर तिचे पैसे लगेच हातात पडले पाहिजेत. पैसे देणं भाग पडलं की मगच मालकाला रजा द्यायची आठवण होते. रजा बुडवणं फुकट आहे तोवर तो बुडवतच राहणार.

आता थोडं आपल्याच लोकांबद्दल. आपल्यातले जे रेल्वेत, सरकारी खात्यात लागले, त्यांच्या खात्यावर ३०० दिवसांपर्यंत रजा साठते आणि निवृत्तीला तिचे पैसे मिळतात. २०२३ साली खासगी नोकरदारांच्या रजेच्या पैशावरची करमाफी ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली. पेढे वाटले गेले असतील. त्यांचं काढून घ्या असं मी म्हणत नाही, हक्क आहे त्यांचा. पण जयंतीच्या मंडपात तीन तास भाषण करताना ह्यांच्या तोंडून 'खाडा' हा शब्द एकदाही येत नाही. बाबासाहेबांनी घटना लिहिली हे सांगतात. त्यांनी मजुराची रजा कायद्यात आणली हे सांगायला लाज वाटते की काय? की तसं सांगितलं तर समोर बसलेला ऊसतोडवाला विचारील, साहेब, माझी कुठाय?

आणि मी स्वतः? मीही काही वेगळा नाही. दोन वर्षं गोदीत काढली. खिशात वही असायची. जहाजावर, विंचेवर, रात्रपाळीवर मी कविता लिहिल्या. सूर्य पेटवला, आग लावली, शब्दांनी शहर जाळून टाकलं. पण त्या वहीत एका पाळीची तारीख लिहिली नाही. ठेकेदारानं सात महिने म्हटल्यावर माझ्याकडं दाखवायला काय होतं? चाळीस कविता. त्याच्या संगणकापुढं एकीचाही उपयोग झाला नाही. त्या दिवशी मला माझ्या अक्षराची शरम वाटली. साध्या तारखांच्या चार ओळी असत्या तर भांडायला उभा तरी राहिलो असतो.

मुंबईतल्या सफाई कामगारांनी हे आधीच शिकवलं होतं. कचरा उचलणारे आपलेच लोक, कंत्राटावर, वर्षानुवर्षं. महापालिका म्हणायची ते आमचे कामगार नव्हेत. कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं कोर्टात भांडला आणि २०१७ साली सुप्रीम कोर्टात २७०० जण कायम ठरले. ज्याच्याकडं कामाचा पुरावा, तो कामगार. नाहीतर हातात झाडू असून कागदावर तो कुणीच नाही.

तेव्हा घोषणा नंतर देऊ. आधी वही काढा. तारीख, पाळी, कामाची जागा, मुकादमाचं नाव, किती दिले. रोज एक ओळ. सोबतच्या दोघांच्या सह्या किंवा अंगठे. पगाराची पावती, गेट पास, फोनवर आलेले निरोप, सगळं जपून ठेवा. रजा मागायची ती लेखी मागा आणि नाकारली तर तेही तारखेनिशी लिहून ठेवा. ज्याला लिहिता येत नाही त्याची वही शेजारच्या मॅट्रिकवाल्यानं लिहावी. एवढ्यासाठी तर आपण शिकलो.

आष्टीत मी चार दिवसांत एवढंच केलं. चाळीस पानी दोन वह्या आणल्या. पाटीवर बसून टोळीतल्या अकरा कोयत्यांची नावं लिहिली. दसऱ्याच्या आधी मुकादम उचल घेऊन येईल तेव्हा त्याच्यापुढं तीन गोष्टी ठेवायच्या ठरल्या. एक, खाड्याचा दंड बंद. दोन, हजेरीची नोंद दोन प्रतींत, एक आमच्याकडं. तीन, वीस दिवसांमागं एक दिवसाची मजुरी, हंगाम संपताना हिशोबाच्या चिठ्ठीत, खाड्याच्या जागी. अकरापैकी सात जण हो म्हणाले. चार जण गप्प बसले. त्यांच्यावर मागची उचल जास्त आहे, मी त्यांना दोष देत नाही.

मुकादम ऐकेल असं नाही. तो दुसरी टोळी बघेल. म्हणून हे आष्टीपुरतं राहून चालणार नाही. परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड, जिथून जिथून गाड्या भरून माणसं फडावर जातात, तिथल्या तुमच्या गावाकडच्या घरांत ह्या वहीचा निरोप पोचवा. तुम्ही शहरात आहात, पण तुमच्यातल्या कितीकांची माय अजून फडात आहे, हे मला माहीत आहे.

निघताना माय म्हणाली, "त्या वहीत माझे आठ दिवस लिहिले का रं?"

लिहिले.

जय भीम.